भांडून काढलेला फोटो

ढोकीत गोरोबा फोटोवाल्याला चांगला म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि यात ढोकीचं काही चुकत नाही. माणूस आहेच तसा. एस.टी. स्टँडसमोर गेली एकतीस वर्षं त्याचा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक दारात आलं की कुणीही दुकानदार 'या, बसा' म्हणतो. हा चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "शर्ट कुणाचा घालून आलाव? मेव्हण्याचा?" बाईमाणूस असली तर, "एवढी पावडर कशाला? तोंड दिसू नये म्हणून?"

म्हणाल, मग असल्याकडं लोक जातात कशाला? जातात बापडे. शिव्या घालत जातात, शिव्या घालत परत येतात, पण जातात. मोबाइल आता शेळ्यांमागं फिरणाऱ्याच्याही हातात आहे. बारशाचे, वाढदिवसाचे फोटो घरोघर निघतात. पण भिंतीवर लावायचा फोटो, म्हणजे माणूस गेल्यावर ज्याला हार घालायचा आणि नातवंडांनी ज्याच्याकडं बोट करून म्हणायचं की हा आमचा आजा, तो काढायचा तर गोरोबाकडं. दुसऱ्यांच्या फोटोत आजे-आज्या शिक्षा ऐकायला उभ्या केल्यासारख्या दिसतात. गोरोबाच्या फोटोत त्या आपल्या ओसरीवर बसलेल्या असतात. हे कसं जमतं, तर भांडून.

त्याचं म्हणणं सरळ आहे. "माणसाला हस म्हणलं की तो हसायचं सोंग आणतो. मोकळं बस म्हणलं की त्याला आपलेच हात जड व्हायला लागत्यात. त्याला स्वतःचं तोंड विसरायला लावायचं असंल तर राग आणा. चिडलेल्या माणसाला आपण कसं दिसायलोय ते कळत न्हाय." रागाचा फोटो मात्र तो काढत नाही. रागात सगळ्यांची तोंडं सारखीच वाकडी होतात, ती काढायला अक्कल लागत नाही, असं तो म्हणतो. माणूस भडकतो, बोलतो, पोटातलं सगळं ओकतो आणि दमून थांबतो. त्या थांबण्यात दोन श्वास असे येतात की राग निघून गेलेला असतो आणि कॅमेरा अजून आठवलेला नसतो. त्या दोन श्वासांत गोरोबा बटण दाबतो. तिसऱ्या श्वासाला माणूस कॉलर नीट करायला लागतो, मग काही उपयोग नाही.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लोहाऱ्याच्या शरणबसप्पा उस्तादांकडं तो चार वर्षं कामाला होता. उस्ताद गोड माणूस. गिऱ्हाइकाला चहा पाजायचे, लेकराबाळांची चौकशी करायचे, हनुवटीला हळूच बोट लावून तोंड वळवायचे. एका दुपारी ते जेवायला गेले असताना तहसीलच्या कामाला आलेला एक शेतकरी खुर्चीत येऊन बसला. मान ताठ, डोळे ताठ, मिशी ताठ. रिळात शेवटचे दोन फोटो उरलेले. गोरोबा सहज म्हणाला, "तीनदा अर्ज माघारी आला म्हणताव, म्हणजे तुमचंच कायतरी चुकत असंल." झालं. त्या माणसानं गोरोबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घसा कोरडा पडला तेव्हा मागं टेकला आणि पंख्याकडं बघायला लागला. गोरोबानं फोटो घेतला. उस्तादांनी तो धुऊन बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "कसा काढलास?"

"शिव्या खाऊन."

"पोट भरंल तुझं ह्याच्यावर," उस्ताद म्हणाले. "सोबतीला मात्र कुणी राहायचं न्हाय." गोरोबानं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

तेव्हापासून माणसाचं दुखरं कुठं आहे हे हुडकायचा त्याला नादच लागला. परंड्याकडचे हिंमतराव, चाळीस एकर ऊस, भर वैशाखात कोट घालून आले. गोरोबा दिवे लावता लावता म्हणाला, "औंदा ऊसतोडीची टोळी आधी भावकीत गेली आन् तुमच्या उसाला तुरे आले म्हणं. पहिल्यागत कुणी मानत न्हाय म्हणायचं तुमाला." हिंमतरावांनी कोट काढून त्याच्या अंगावर भिरकावला. बाह्या वर सारलेला, बंडीतला तो फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात आहे. सोनाली नावाची एक शिकलेली पोरगी स्थळासाठी फोटो काढायला आली, तर तिला म्हणाला, "एवढं शिकून काय केलंस? पसंती तर बापाचीच." पोरीनं त्याची अशी हजेरी घेतली की बाहेर रसवंतीवरचे लोक उठून दारात आले. फोटो बघून तिचा बाप म्हणाला, हिचं एवढं निवांत तोंड आम्ही घरात कधी बघितलं नाही.

जखमेवर मीठ हा चोळायचा आणि फुंकर घालायची त्याच्या बायकोनं, सिताबाईनं. ती काउंटरला बसते. लालबुंद होऊन बाहेर आलेल्या माणसाला पाणी देते आणि "त्येंचं मनावर घेऊ नका" म्हणते. आयुष्य त्यात गेलं बिचारीचं. एकदा तीही वैतागली. म्हणाली, "लोकांचं दुखणं बरं सापडतंय तुमाला. स्वतःचं कुठं हाय ते म्हाईत हाय का?"

माहीत होतं. ते ढोकीपासून दोन कोसांवर, शेतातल्या वस्तीवर राहत होतं, आणि त्याचं नाव बलभीम. गोरोबाचा थोरला भाऊ. सगळे त्याला आण्णा म्हणतात. अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. बाजारात समोरासमोर आले तर एक जण रस्ता बदलायचा, आणि तो कोण हे ज्याचं त्या दिवशी डोकं जास्त फिरलंय त्यावर ठरायचं.

कारण आईचं होतं. आई हरणाबाई आण्णाकडं वस्तीवर असायची. गोरोबानं अख्ख्या मुलखाच्या म्हाताऱ्या भिंतीवर चढवल्या आणि स्वतःच्या आईचा एक फोटो काढला नाही. आण्णा म्हणायचा, म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढला की यमाला ओळख पटते, माझ्या दारात कॅमेरा आणायचा नाही. हे एक कारण. दुसरं गोरोबा कुणाला सांगत नाही. आण्णा रानात असताना जाऊन दहा वेळा फोटो काढता आला असता, आणि त्याला सवड झाली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातलीच गत.

एका पौषात म्हातारी झोपेतच गेली. तिरडी बांधायच्या आधी गोरोबानं तिचा फोटो घेतला. डोळे मिटलेले. आता या धंद्यात मिटलेले डोळे कम्प्युटरवर उघडून देतात. नात्यातल्या कुणाचे तरी जुळणारे डोळे घ्यायचे आणि बसवायचे. हार घातल्यावर कुणाला पत्ता लागत नाही. गोरोबानं असे कितीतरी डोळे उघडले होते. आईची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःचे डोळे बसवले. सगळे म्हणायचेच की गोरोबा डोळ्यांनी आईवर गेलाय.

तेराव्याला फोटो पाटावर ठेवला. भावकीनं हात जोडले, बायकांनी डोळे पुसले. आण्णा जवळ गेला, वाकला आणि तसाच थांबला. मग सरळ होऊन म्हणाला, "हे आईचं बघणं न्हाय. हे माणसाची मापं काढणारं बघणं हाय. हे गोऱ्याचे डोळे हाईत." आणि पंगत बसलेली असताना त्यानं ती फ्रेम दारातल्या दगडावर आपटली. "जितेपणी आईकडं बघायला डोळे नव्हते ह्याला. मेल्यावर आपले लावून आणलाय." गोरोबाही गप बसणारा नव्हता. तोही बोलला, चारचौघांत नको ते बोलला. त्या दिवसापासून तो वस्तीवर गेला नाही.

आणि या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, आण्णा स्टुडिओच्या पायऱ्या चढून आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, तोंडावर उपरण्याचं टोक दाबलेलं. एक गाल सुजलेला. मागं त्याची बायको प्रेमाबाई. सिताबाई उठून उभी राहिली. गोरोबा उठला नाही.

"भाऊजी," प्रेमाबाई म्हणाली, "परवा बार्शीला आपरेशन हाय ह्येंचं. तंबाखूनं आत जखम झाली. डॉक्टर म्हणत्यात खालचा जबडा काढावा लागंल, आन् जिभंचाबी निम्मा..."

"तू गप," आण्णा म्हणाला. "अजून येतंय मला बोलाया." मग गोरोबाकडं न बघता म्हणाला, "फोटो काढायचाय. तोंड हाय तवर."

गोरोबानं आत्ता कुठं त्या सुजलेल्या गालाकडं नीट बघितलं. पण जीभ कुठली थांबायला. "यमाला ओळख पटंल की."

"पटलीय."

"ढोकीत अजून दोन स्टुडिओ हाईत."

"गेल्तो तिथं. त्यांनी हसा म्हणलं," आण्णा म्हणाला, आणि खिशातून एक फोटो काढून काउंटरवर टाकला. त्या फोटोत आण्णा आत्ताच मेलेला होता. गोरोबानं तो उलटा करून ठेवला आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

आण्णाला खुर्चीत बसवलं. सुजलेला गाल अंधारात जाईल असा दिवा वळवला. कॅमेरा उगाचच दोनदा पुसला. त्याला एकच गोष्ट कळत होती. परवानंतर हे तोंड जगात राहणार नव्हतं. आईचं असंच सुटलं होतं. हे सुटू द्यायचं नव्हतं. आणि फोटो काढायची त्याला एकच रीत येत होती.

"तंबाखू सोडा म्हणून आई कोकलायची," तो म्हणाला, "तवा कान कुठं गेल्ते?"

"आईचं नाव काढू नगंस तुझ्या तोंडातनं."

"का? माझी न्हवती?"

"तुझी असती तर आला असतास." आण्णा खुर्चीत पुढं सरकला आणि सुरू झाला. म्हातारीचे गुडघे, म्हातारीची औषधं, दिवाळीला न आलेला गोरोबा, पोळ्याला न आलेला गोरोबा. गालातून कळ यायची तशी बोटं खुर्चीत रुतायची, पण तो थांबेना. मग दम लागला आणि थांबला. मान जराशी खाली गेली. दोन श्वास आले. गोरोबाचं बोट बटणावर होतं.

आणि गोरोबानं बटण दाबायचं सोडून तोंड उघडलं. "म्या माझे डोळे दिले आईला. दुसऱ्या कुणाचे लावले असते तर तुमाला कळलंबी नसतं. चारचौघांत फोडलाव तुमी."

पुन्हा पेटलं. एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते त्या खोलीत तीनदा झालं. आण्णा बोलून थांबायचा, ते दोन श्वास यायचे, आणि गोरोबालाच राहवायचं नाही. दुसऱ्याचा राग जाईपर्यंत थांबणं सोपं असतं हो. इथं राग ह्याचा होता, अकरा वर्षांचा, आणि तो कुठं जायला तयार नव्हता. बाहेर सिताबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन पडद्याशी उभी होती. आत कुणाला द्यावा हे तिला कळेना.

"आई असं बघायची न्हाय," आण्णा म्हणत होता. "आईनं बघितलं की माणसाला बरं वाटायचं. तू बघितलास की वाटतंय, आता हा कुठं चावतोय. सगळं गाव तुझ्याफुडं चावून घ्यायला बसतंय, म्हणून तू लई मोठा झालास व्हय?"

ते वर्मी लागलं. थोरल्या भावाला जन्मात 'तू' म्हणाला नव्हता, तो म्हणाला. "तूच फोटो काढू दिला न्हाईस. मला आईचं तोंड आठवत न्हाय आता, आण्णा. साऱ्या मुलखातल्या म्हाताऱ्या आठवत्यात. आई आठवाया गेलं की माझेच डोळे फुडं येत्यात. तुझ्यामुळं झालं हे."

आण्णा खुर्चीतून अर्धा उठला. दुखतं हे विसरून त्यानं तोंड उघडलं तेवढं उघडलं आणि बोट थेट कॅमेऱ्यावर रोखलं. "माझ्यामुळं? दोन कोसावर होती ती. रोज सांजच्याला इचारायची, गोऱ्या आला का? आन् म्या रोज खोटं बोलायचो. म्हणायचो, येऊन गेला, तू झोपली होतीस. चार वर्षं खोटं बोललो तुझ्यापायी."

खट्ट आवाज झाला. गोरोबानं ठरवून काही केलं नव्हतं, बोटं आवळली गेली आणि त्यांच्याखाली बटण होतं. आण्णा खाली बसला. उपरणं तोंडावर दाबून, डोळे मिटून, कळ जायची वाट बघत राहिला. प्रेमाबाई आत धावली. चांगला फोटो निघायची वेळ तेव्हाही येऊन गेली असेल. गोरोबानं बघितलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

बऱ्याच वेळानं त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली. असला फोटो त्यानं कुणा वैऱ्याचाही दिला नसता. तोंड वाकडं झालेलं, काळे दात दिसतायत, मानेच्या शिरा टरारलेल्या, बोट धुरकट. "हा न्हाय जमला," तो म्हणाला. "जरा टेकून बसा. परत काढू."

"दाखव," आण्णा म्हणाला.

त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि लांब धरून, मग जवळ धरून बघितलं. प्रेमाबाई डोकावून म्हणाली, "अगं बया. हा काय भिंतीवर लावायचा हाय?"

"हाच लावायचा."

"आण्णा, लई खराब हाय हो हा."

"तुझ्या मतानं खराब. म्या असाच हाय." आता त्याला एकेक शब्द जड जात होता. "परवापसनं मला बोलता यायचं न्हाय. हा बोलंल. मोठा करून दे." एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. येतो म्हणाला नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. महिन्याभरानं घरी आला तेव्हा तोंडाचा खालचा भाग फडक्यात गुंडाळलेला होता आणि आवाज म्हणावा असं काही उरलं नव्हतं, घशातून नुसती घरघर यायची. फोटो तोवर प्रेमाबाईनं नेऊन बाहेरच्या खोलीत लावला होता. भावकीतले लोक भेटायला यायचे आणि फोटो बघून चपापायचे. एक-दोघांनी तो काढायला सांगून बघितलं. आण्णानं काठी उचलली.

गोरोबा वस्तीवर गेला एका मंगळवारी. सिताबाईला बरोबर घेतलं नाही. उंबऱ्याशी त्याचा पाय जरा अडला, पण हाकलणारं तोंड राहिलं नव्हतं, म्हणून आत गेला. आण्णा फोटोखालच्या बाजेवर बसला होता. त्यानं धाकट्या भावाकडं बघितलं, हात वर केला आणि बोट भिंतीवरच्या फोटोकडं केलं.

गोरोबा समोर जमिनीवर बसला. बोटामागं त्यानं फोटोकडं बघितलं. बोट तसंच होतं. शेवटी तो म्हणाला, "व्हय. दोन कोसावर होती. म्हाईत हाय." बोट हललं नाही. "दिवाळीला आलो न्हाय. पोळ्याला आलो न्हाय. म्हाईत हाय." मग तोही चिडला, कारण चिडल्याशिवाय त्याला काही येतच नाही. "पर फ्रेम फोडायची काय गरज होती? आतमधी बोलावून दोन थोबाडात हाणायच्या हुत्या." आण्णाची घरघर वाढली. डोळे बारीक झाले. बोटानं भिंतीला दोन टोले दिले.

आता दर मंगळवारी स्टुडिओ बंद असतो आणि वस्तीवर भांडण असतं. दोन्हीकडचं गोरोबाच बोलतो. आधी फोटोकडं बघून आण्णाचं बोलायचं, मग आपलं. आण्णाचं बोलताना कमी पडलं तर आण्णा काठी आपटतो, आणि मग ते नीट, आणखी कडक करून पुन्हा बोलावं लागतं. प्रेमाबाई म्हणते, "भाऊजी, आज तरी गप बसा की. त्येंला तरास व्हतो." त्यावर आण्णा तिलाच दाराकडं बोट दाखवतो.

गेल्या मंगळवारी गोरोबा फोटोकडं बघून आण्णाचं बोलत होता. बोलता बोलता तिथं येऊन पोचला. "रोज सांजच्याला इचारायची, गोऱ्या आला का?" हे बोलला आणि थांबला, कारण पुढची पाळी आता त्याची होती. इतके मंगळवार हे वाक्य तो गाळत आला होता, आणि आण्णानंही ते गाळू दिलं होतं. प्रेमाबाई चुलीपाशी हातातलं काम टाकून बसली.

"न्हाय आला," गोरोबा म्हणाला. "झोपली न्हवतीस, आई. म्या आलोच न्हाय." आणि एवढा मोठा साठीला आलेला माणूस बाजेला डोकं लावून रडला.

आण्णानं बोट खाली घेतलं. त्याचा हात गोरोबाच्या डोक्यावर काही वेळ पडून राहिला. मग तो हात परत उठला आणि बोट फोटोकडं गेलं. अजून पुष्कळ बोलायचं राहिलं होतं.